पाचवा चौकोन

फोटो क्रमांक एक्केचाळीस हजार दोनशे सहा.
अर्धा चेहरा, भुवईखालून हनुवटीपर्यंत.
डोळे कापलेले. नाव तर नसतंच.
खाली पाच चौकोन:
कोरडी, तेलकट, मिश्र, सामान्य,
संवेदनशील.

नऊ सेकंद मिळतात.
पहिल्या चौघींना तीन पुरतात.
चकाकली की तेलकट, पापुद्रे सुटले की कोरडी,
नाकाशी एक आणि गालाशी दुसरी असली की मिश्र,
काहीच सुचलं नाही की सामान्य.
पहाटे तीननंतर जगातली सगळी कातडी
सामान्य होत जाते.

पण पाचवी?
ती फोटोत कशी दिसते, मी विचारलं होतं
पहिल्याच आठवड्यात.
हेरिझु म्हणाला, लाली शोध.
त्याच्याकडे लिऑनहून आलेली पुस्तिका आहे,
बावीस पानं,
बावीस गुलाबी गाल.

आंतानानारीवमध्ये वीज गेली की
जनरेटर धापा टाकतो,
पंखे थांबतात, पडदे चालू राहतात.
आम्ही चाळीस जणी, डब्यात गार भात,
बाटलीत खरवड उकळून केलेलं तांबूस पाणी,
आणि समोर ते.
मशीन म्हणतात त्याला. मी मनात पोरगं म्हणते.
गुणी आहे. बोट ठेवू ते खरं मानतं, घोकतं, विसरत नाही.
आता तर आमच्या आधीच उत्तर देतं,
आम्ही नुसतं हो म्हणायचं.

आज तिचा फोटो आला.
गालभर पिवळा लेप, मासोंजुआनीचा,
दगडावर लाकूड उगाळून पाण्यात कालवलेला,
वर पांढऱ्या ठिपक्यांची वेल.
आमच्या किनाऱ्यावर उन्हात बसणाऱ्या बायका
असाच चेहरा घालून घराबाहेर पडतात.

पोरगं म्हणालं: कोरडी. खात्री शहाण्णव टक्के.
लेप वाळून तडकला होता ना, तेच पापुद्रे.
झूल बघून बैलाची जात सांगावी तसं.
हसू आलं. शेजारच्या फान्झाला दाखवणार होते,
तेवढ्यात मावशी आठवली.

झाफिसुआ मावशी माहाजांगाला सुकी कोळंबी विकते.
बिनलेपाची मी तिला एकदाच पाहिली,
कसल्याशा साबणाने तोंड पेटलं होतं तेव्हा.
शिडाचं ओलं फडकं गालाला लावून
तीन रात्री बसून काढल्या तिने.
डॉक्टरने टॉर्च मारला, मान हलवली:
लाल काहीच दिसत नाही.
लाल नव्हतंच.
जांभळट होतं, वांग्याच्या सालीसारखं,
काळ्यावर अजून काळं.
बोट टेकलं की समजायचं. गरम लागायचं.

चार सेकंद उरले होते.
मी मागे मोजायला लागले, मनातच,
एक्केचाळीस हजार दोनशे पाच:
त्यातल्या किती काळ्या गालांना
मी पाचवा चौकोन दिला?

पोरग्याचा काय दोष.
त्याला अक्षर गिरवायला दिलं
ते माझ्याच हाताने.

मी पाचवा दाबला.
लेपाखाली काय आहे मला माहीत नव्हतं,
कदाचित ती बाई ठणठणीत असेल,
कदाचित तेलकट. तरी दाबला.
पडद्याने कारण मागितलं: लाली, पुरळ, इतर.
इतर.
रिकामी ओळ लुकलुकत राहिली.
काय लिहायचं, हात लावून बघा?
"हा" पर्यंत पोचले आणि नऊ संपले.
फोटो गेला. कोरडी म्हणूनच गेला असणार,
पोरग्याचं उत्तर आधीच भरलेलं असतं.

एक्केचाळीस हजार दोनशे सात.
थंडीने उललेला गुलाबी गाल, कुठल्या तरी बर्फाच्या गावचा,
नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा थेंब.
संवेदनशील, पोरगं म्हणालं, नव्व्याण्णव टक्के.

हो म्हणाले.
तेही खरंच होतं.
तिचीही आग होत असेल.